पुन्हा बोअरच मारायचा का?

प्रश्न : आमची बोअरची गाडी आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागात वीस वर्षं बोअर मारतोय. गेल्या उन्हाळ्यात जतजवळ साडेचारशे फुटांवर हॅमर (खडक फोडणारं हत्यार) अडकला, तो गेलाच. मुलगा सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला तेलविहिरींच्या ड्रिलिंगमध्ये, त्यातही साइडट्रॅकिंगमध्ये, म्हणजे खोदलेली विहीर मधूनच वळवण्याच्या कामात जायचंय. एक क्लासवाला म्हणतो, कॉलेज सोडा, तीन लाख भरा, सहा महिन्यांत आखातात रिगवर नोकरी. धुळीत राबून पोराला शिकवलं, ते पुन्हा बोअर मारायलाच का?
— एक वडील, तासगाव तालुका

नमस्कार.

तीन लाखांचं आधी सांगते : भरू नका. नोकरीची हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्याच्या दारात उभंही राहू नका, आणि वर्षभरावर आलेली पदवी मुलाला सोडू देऊ नका.

तुमचं शेवटचं वाक्य मात्र मला लागलं. हॅमर अडकला तेव्हा तुम्ही नुकसान सोसलंत आणि गाडी दहा फूट सरकवून नवा बोअर घेतलात, हो ना? तेलविहिरीत ही सोय नसते. दोन-तीन किलोमीटर खोल विहीर, टप्प्याटप्प्यानं उतरवून सिमेंटनं पक्की केलेली पोलादी केसिंग, म्हणजे विहिरीच्या भिंतीला धरणारे पाइप, आणि समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर तर नव्या विहिरीला जागाही मोजकीच. मग अडकलेल्या भागाच्या वर सिमेंटचं बूच बसवतात. केसिंगमध्ये व्हिपस्टॉक नावाची लांब पोलादी पाचर हव्या त्या दिशेला तोंड करून ठेवतात. तिच्या उतारावरून कापणारं हत्यार सरकतं आणि केसिंगची भिंत कापतं. त्या भोकाला खिडकीच म्हणतात. खिडकीतून बाहेर पडून खडकात नवी वाट धरायची, हे साइडट्रॅकिंग. तुमचा हॅमर हवेवर चालतो. तिथं बिटमागची, म्हणजे खडक कापणाऱ्या टोकामागची मोटर, विहिरीत सतत पंपानं सोडलेल्या ड्रिलिंगच्या चिखलाच्या दाबावर फिरते, आणि खालचं यंत्र कोन व दिशा मोजून त्याच चिखलातून दाबाच्या ठोक्यांनी वर निरोप धाडतं. शिक्षण वाया जाईल असं हे काम नाही. द्रवगतिकी, धातुशास्त्र, पदार्थांची ताकद, सगळं इथं रोज लागतं.

कामही वाढणारं आहे. मुंबईजवळच्या समुद्रातलं तेलक्षेत्र मुंबई हाय १९७४ साली सापडलं. अशा जुन्या क्षेत्रांत विहिरीतून तेल कमी आणि पाणी जास्त येऊ लागतं, पण आजूबाजूच्या थरांत न निघालेलं तेल उरलेलं असतं. तिथवर पोचायला जुनी विहीर वळवणं पुष्कळदा नव्या विहिरीपेक्षा स्वस्त पडतं.

आता कडू बाजू. तेलाचा भाव पडला की खर्चाची कात्री सर्वांत आधी ड्रिलिंगवर चालते. २०१४ नंतर आणि पुन्हा २०२० मध्ये तेल कंपन्यांसाठी ड्रिलिंगची कामं करणाऱ्या सेवा कंपन्यांनी जगभर हजारो माणसं घरी पाठवली. समुद्रातल्या रिगवर बारा तासांची पाळी, साधारण १४ दिवस काम आणि १४ दिवस सुट्टी. लग्नकार्य, आजारपण, दिवाळी, काहीही त्या वेळापत्रकातच बसवावं लागतं. हे त्यानं ऐकून घ्यावं आणि मगच हो म्हणावं.

मेकॅनिकलवरून वाट आहे. ओएनजीसी ड्रिलिंगसाठी मेकॅनिकलचे पदवीधर घेते. भरती कधी गेटच्या गुणांवर, कधी वेगळ्या परीक्षेनं होते, म्हणून गेट द्यावीच आणि जाहिरात नीट वाचावी. पुण्यात एसएलबी (पूर्वीची श्लमबर्जर) आणि हॅलिबर्टन या सेवा कंपन्यांची तंत्रज्ञान केंद्रं आहेत, इंटर्नशिपसाठी तिथं अर्ज करावा. खास पेट्रोलियमच शिकायचं तर पदवीनंतर धनबादच्या आयआयटीत एमटेक. विहीर-नियंत्रणाचं, म्हणजे विहिरीतला दाब काबूत ठेवण्याचं, आयडब्ल्यूसीएफ प्रमाणपत्र कामाला लागल्यावर बहुधा कंपनीच करून घेते. आत्ता त्यावर पैसे घालू नका.

आणि कराड तर तुमच्या शेजारी. तिथल्या बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळेनं कोयनेचे भूकंप समजून घ्यायला २०१६-१७ मध्ये ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर तुमचाच काळा पाषाण, खाली ग्रॅनाइट. कॉलेजच्या पत्रानं भेटीची परवानगी मागायला सांगा.

त्याआधी सुट्टीत त्याला चार दिवस गाडीवर न्या. हॅमर अडकण्यापूर्वी आवाज कसा बदलला, चुरा वर यायचा कधी थांबला, तुम्ही काय काय करून पाहिलंत, हे त्याला सांगा. त्यानं ते वहीत लिहून घ्यावं.