लॉन मोवरचा एअर फिल्टर : नंबर इंजिनाचा पाहावा, माप कडेचे घ्यावे

आपला प्रश्न वाचला. बावधनमधील आपल्या सोसायटीचा पेट्रोलवरचा लॉन मोवर सुरू होतो, पण दहा मिनिटांत काळा धूर सोडून घुटमळू लागतो. माळीकाकांनी एअर फिल्टरचे झाकण उघडले तेव्हा आतल्या फोमचा हातातच भुगा झाला. मोवर ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराने दुकान बंद केले आहे. आणि जवळच्या गॅरेजवाल्याने मोटारसायकलचा फिल्टर कापून बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. तो बसवावा का, आणि नसेल तर योग्य फिल्टर कुठे मिळेल, असे आपण विचारले आहे. कर्वेनगरमधील आमच्या सोसायटीचा मोवर मी गेली १४ वर्षे सांभाळत आहे आणि फिल्टरच्या बाबतीत एक महागडी चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कापलेला फिल्टर कृपया बसवू नका. गॅरेजवाल्याचा हेतू चांगलाच असेल, परंतु फिल्टरचे निम्मे काम त्याची कड करते, आणि कापताना नेमकी तीच कड जाते. मधला कागद किंवा फोम धूळ अडवतो हे सर्वांना ठाऊक असते. पण कडेने चिमूटभर फट राहिली तर हवा कागदातून जाण्याचे कष्ट घेतच नाही, ती फटीतून जाते आणि धूळही सोबत नेते. १६० सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला १५०० वेळा हवा ओढते. पूर्ण भारावर हा हिशेब मिनिटाला २४० लिटरपर्यंत जातो. तासाभर लॉन कापले तर एका लहान खोलीभर हवा त्या तळहाताएवढ्या चौकटीतून गेलेली असते, आणि ती हवा पात्याने उडवलेल्या मातीच्या ढगातूनच ओढलेली असते. रस्त्यावरच्या मोटारसायकलपेक्षा मोवरचे इंजिन जास्त धूळ खाते, ते यामुळे.

माझी चूक अशी झाली. सात-आठ वर्षांपूर्वी जुना फिल्टर घेऊन मी एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने दोन्ही फिल्टर एकावर एक ठेवून दाखवले, लांबी-रुंदी जुळली, मी पैसे देऊन आलो. झाकण व्यवस्थित बंद झाले, मशिनही उत्तम चालले. त्या पावसाळ्यानंतर मात्र इंजिन ऑइल भराभर कमी होऊ लागले आणि दिवाळीच्या सुमारास निळा धूर दिसू लागला. मेकॅनिकने झाकण काढून मला जवळ बोलावले. फिल्टरचा कागद जवळजवळ कोरा होता. पण चौकटीच्या डाव्या कोपऱ्यापासून कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडापर्यंत तपकिरी धुळीची एक रेघ उमटली होती, कोपऱ्यात रुंद आणि तोंडाशी निमुळती. त्यावरून बोट फिरवले तर रांगोळीसारखी खर लागली. नवा फिल्टर जाडीला जुन्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी होता, त्यामुळे झाकण त्याच्या कडेवर दाबून बसतच नव्हते. रिंगा आणि पिस्टन बदलावे लागले, सिलिंडर बोअर करून घ्यावा लागला, आणि त्या खर्चात पुढच्या अनेक वर्षांचे फिल्टर आले असते. जाडी मोजायला एक मिनिट लागले असते, ते मी दिले नाही.

आता योग्य फिल्टर शोधण्याविषयी. पहिली गोष्ट म्हणजे मोवरचे नाव विसरून इंजिनाचे नाव पाहावे. मोवरवर एका कंपनीचे स्टिकर असते आणि आत इंजिन दुसऱ्याच कंपनीचे असते, असे पुष्कळदा आढळते. फिल्टर इंजिनाप्रमाणे ठरतो, मोवरच्या रंगाप्रमाणे नाही. इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे असेल तर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे पंख्याच्या आवरणावर किंवा सायलेन्सरच्या वरच्या पत्र्यात ठोकलेले असतात. ओल्या फडक्याने चिखल पुसून टॉर्च तिरपा धरला की ते वाचता येतात. त्यांतील कोडचे पहिले दोन आकडे इंजिन तयार झाल्याचे वर्ष सांगतात, त्यामुळे आपले यंत्र किती जुने आहे हेही त्यातून कळते. होंडाचे इंजिन असेल तर मॉडेलचे नाव इंजिनाच्या अंगावर असते, आणि इथे पुण्यात एक घोटाळा वारंवार होतो. जीएक्स १६०, जीएक्सव्ही १६० आणि जीसीव्ही १६० ही तीन वेगवेगळी इंजिने आहेत. पहिले आडव्या शाफ्टचे (इंजिनातून बाहेर येणाऱ्या फिरत्या दांड्याचे), शेतातल्या पाण्याच्या पंपांवर सर्रास दिसणारे. उरलेली दोन उभ्या शाफ्टची, मोवरवर बसणारी. दुकानात ‘होंडा १६० चा फिल्टर द्या’ असे म्हटले की बहुधा पंपाचा, गोल डब्यासारखा, मध्ये फुलपाखरी नट लागणारा फिल्टर समोर येतो, कारण खप त्याचाच जास्त. जीसीव्हीला तर चपटा, चौकोनी, घड्यांचा कागदी फिल्टर लागतो. म्हणून ‘व्ही’ हे अक्षर आवर्जून सांगावे.

इंजिनाचे नाव कळले की भाग क्रमांक शोधावा आणि दुकानात किंवा ऑनलाइन तोच मागावा. जीसीव्ही १६० साठी होंडाचा क्रमांक १७२११-झेडएल८-०२३ असा आहे. यातील पहिले पाच आकडे हा भाग कोणता आहे ते सांगतात आणि मधली तीन अक्षरे तो कोणत्या इंजिनासाठी आहे ते सांगतात. म्हणून सुरुवात जुळली आणि मधले अक्षर चुकले तर तो फिल्टर एअर फिल्टरच असेल, पण आपल्या इंजिनाचा नसेल. ब्रिग्जच्या बऱ्याच जुन्या क्वांटम इंजिनांना ४९१५८८एस हा चपटा कागदी फिल्टर लागतो, आणि त्यावर बसणाऱ्या फोमचा क्रमांक ४९३५३७एस असा वेगळा आहे. ऑनलाइन शोधताना हे सर्व अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकावे लागेल. दुसऱ्या कंपनीने बनवलेला, त्याच क्रमांकाला पर्याय म्हणून विकला जाणारा फिल्टर वाईटच असतो असे माझे मत नाही. मी स्वतः असे वापरले आहेत. मात्र ‘सर्व मोवरला चालेल’ असे लिहिलेला फिल्टर मी घेत नाही.

पुण्यात प्रत्यक्ष जाऊन घ्यायचा असेल तर सर्वात आधी त्या इंजिन कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याला फोन करून भाग क्रमांक सांगावा. तो मागवून देतो, चार दिवस थांबावे लागते इतकेच. मार्केट यार्डाच्या परिसरात शेतीची औजारे, फवारणी पंप आणि ब्रश कटर विकणारी दुकाने आहेत, तिथेही छोट्या इंजिनांचे सुटे भाग मिळतात. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, पण तो मुख्यतः दुचाकी आणि मोटारींचा. मोवरसाठी तिथे माझा वेळच गेला. जुन्या बाजारातून फिल्टर घेऊ नये. तिथे पाने आणि पकडी उत्तम मिळतात, पण कागदाला वय असते आणि ते वरून दिसत नाही. डिसेंबरमध्ये मोशीला किसान प्रदर्शन भरते, तिथे मोवर आणि ब्रश कटरचे बरेच विक्रेते एकाच ठिकाणी भेटतात. मी दर वर्षी दोन फिल्टर जादा घेण्याची सोय तिथेच लावून येतो.

आपल्या बाबतीत जुना फिल्टर भुगा झाल्यामुळे नमुना हाती नाही. अशा वेळी चौकटीचे माप घ्यावे. फिल्टर ज्या खाचेत बसतो तिची लांबी, रुंदी आणि मुख्य म्हणजे खाचेच्या तळापासून झाकणाच्या आतल्या पट्टीपर्यंतची खोली मोजावी. खोली मोजायची सोपी युक्ती म्हणजे चपातीच्या कणकेची किंवा मुलांच्या मातीची छोटी गोळी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून खाचेत ठेवावी, झाकण लावून स्क्रू आवळावा आणि उघडून चपटलेल्या गोळीची जाडी पाहावी. फिल्टरची रबरी कड त्यापेक्षा किंचित जाड असली पाहिजे, म्हणजे झाकण तिला दाबून धरील.

बसवण्यापूर्वी प्लगची टोपी ओढून बाजूला करावी आणि पेट्रोलचा कॉक बंद करावा. मोवर आडवा करण्याची गरज नसते. तरीही करायचाच असेल तर कार्बोरेटर आणि फिल्टरची बाजू वर राहील असाच करावा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये येते आणि कागद कायमचा वाया जातो. झाकणाभोवतीची माती झाकण उघडण्याआधीच कुंचल्याने काढावी. आपल्याकडे फोमचा भुगा झाला आहे, म्हणून इथे विशेष काळजी घ्यावी लागेल: कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ, धागे न सुटणारे फडके अलगद कोंबून मग चौकट पुसावी, आणि शेवटी भुग्यासकट ते फडके बाहेर ओढावे. चौकटीत हवेने फुंकर मारू नये, कण आतच जातात. फोमचे कण आधीच आत गेले असतील तर कार्बोरेटर उघडून साफ करावा लागेल, आणि नवा फिल्टर बसवूनही मशिन घुटमळत राहिले तर हेच कारण धरून चालावे. त्याच वेळी प्लगही काढून पाहावा. फिल्टर तुंबलेला होता म्हणून तो काजळीने काळा झालेला असणारच.

नवा फिल्टर बसवताना तो चौकटीत बोटाने चारही कोपऱ्यांत दाबून बसवावा. कागदी फिल्टरवर फोमही असेल तर फोम धुळीच्या बाजूला, म्हणजे इंजिनापासून दूर येतो. यानंतर माझी एक सवय सांगतो, जी त्या रेघेने मला लावली. फिल्टरच्या रबरी कडेवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा, झाकण लावून आवळावे आणि लगेच पुन्हा उघडावे. झाकणाच्या आतल्या पट्टीवर ग्रीसचा ठसा अखंड उमटला असेल तर फिल्टर बसला. एखाद्या कोपऱ्यात ठसा तुटला असेल तर तिथून धूळ जाणार, मग क्रमांक कितीही बरोबर असो. झाकणाचा स्क्रू आवळताना जोर करू नये, प्लास्टिकच्या झाकणाला तडा गेला की फट तिथे पडते. आपले झाकणही तडकलेले नाही ना, हे उजेडाकडे धरून पाहून घ्यावे.

निगेबाबत थोडेच लिहितो. फोम कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवावा आणि पूर्ण वाळवावा. फिल्टर निव्वळ फोमचा असेल तर तो स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून हाताने पिळून सगळे जादा ऑइल काढावे आणि मगच बसवावा. पेट्रोलने धुऊ नये, आगीचा धोका असतो. कागदाला पाणी आणि ऑइल दोन्ही वर्ज्य. तो लाकडी फळीवर हलकेच आपटून झटकावा. पंक्चरच्या दुकानातला हवेचा पाइप त्यावर धरू नये, कारण दाब जास्त झाला की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. होंडाच्या पुस्तिकांत हवा मारायची झाली तर आतून बाहेर आणि ३० पीएसआयच्या आतच मारावी, असे दिलेले आहे. झटकल्यावर फिल्टरमागे टॉर्च धरावा: प्रकाश मंद आणि सारखा दिसला तर फिल्टर चालेल, ठळक ठिपका दिसला तर भोक आहे, आणि काहीच दिसले नाही तर तो तुंबला आहे.

साधारण २५ तासांच्या कामानंतर फिल्टर साफ करावा असे सांगितले जाते, परंतु पुण्यात तासांपेक्षा ऋतू पाहावा. उन्हाळ्याच्या तोंडाशी आपण लॉनवर पोयटा आणि शेणखत पसरतो. त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन कापण्यांत फिल्टरवर वर्षातली सर्वाधिक माती बसते, म्हणून त्या दिवसांत प्रत्येक कापणीनंतर झाकण उघडावे. शेजारी बांधकाम चालू असेल तर तेच करावे. पावसाळ्यात गवत आठवड्याला वाढते आणि मशिन सर्वात जास्त चालते, पण धूळ कमी असते. तेव्हा फिल्टर ओला तर झाला नाही ना, एवढे पाहणे पुरते. मशिन महिनोन्महिने बंद ठेवून बाहेर काढताना हवेच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले आहे का, हे आधी पाहावे. आमच्याकडे दोनदा सापडले.

माळीकाकांना एक विनंती करावी. नवा फिल्टर येईपर्यंत फिल्टरविना मशिन चालवून ‘एवढे एक लॉन’ कापण्याचा मोह होतो, कारण तसे मशिन जोमाने चालते. फिल्टर तुंबला आहे का हे पाहायला फरशीवर उभे ठेवून क्षणभर तसे चालवले तर एक वेळ ठीक, परंतु गवतात मुळीच नाही. तोवर शेजारच्या सोसायटीचा मोवर मागून घ्यावा किंवा गवत वाढू द्यावे. आणि शक्य झाले तर इंजिनावरच्या नंबराचा एक स्पष्ट फोटो आणि फिल्टरच्या चौकटीचा पट्टी ठेवून काढलेला दुसरा फोटो इथे टाका. भाग क्रमांक मी शोधून कळवतो.