वीस वर्षं गवताला सोडलेला माळ परत पिकाखाली आणायचाय. पोकलेनने सपाट करून सोयाबीन पेरू का?

पोकलेन लावू नका. सोयाबीन तर पहिल्या वर्षी नकोच.

आमचा माण तालुक्यातला वडिलोपार्जित माळ असाच कुसळी-पवन्याखाली होता. वाटण्या झाल्यावर थोरल्या दादांनी त्यांच्या हिश्शात मशीन घातलं. टेकाड कापून खोलगटात भरलं, ताली (माती अडवणारे बांध) मोडल्या. गवताच्या मुळ्यांनी धरून ठेवलेली वीतभर माती गाडली गेली आणि वर कोरा मुरूम आला. उरलीसुरली माती वळवाने ओढ्यात नेली. तिथे आजही बाजरी गुडघ्यावर जात नाही.

मी माझ्या हिश्शात आधी मेंढ्या बसवल्या. गवत खाऊन झालं, लेंड्या रानातच पडल्या. मग वाफसा (नांगरटीजोगा ओलावा) बघून बैलाने उताराला आडवी नांगरट केली, मध्ये गवताचे आडवे पट्टे राखून. दादा म्हणाले, "एवढी जागा वाया घालवतोस?" त्याच पट्ट्यांना माती अडली. पहिल्या खरिपात हुलगा, मग मटकी, त्यानंतर बाजरीत तूर. दादा अजून म्हणतात, पाऊसच तसा पडला. अहो, बांधाला बांध लागून आहे, पाऊस दोघांना एकच होता!

हुलगा आधी का, तर गवताच्या मुळ्या कुजताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि बाजरी पिवळी पडते. हुलगा त्याचं नत्र हवेतून घेतो. गवताच्या रानात हुमणीही असते, म्हणजे मुळ्या खाणारी अळी. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर तिचे भुंगेरे जमतात, फांद्या हलवून गोळा करा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका.

हे सगळं हलक्या, मुरमाड रानाचं. जमीन काळी, खोल असेल आणि हरळी-कुंदा माजला असेल तर उन्हाळ्यात खोल नांगरून काशा (जमिनीखालची खोडं) वेचाव्याच लागतील, तिथे ट्रॅक्टरला माझी हरकत नाही. सातबाऱ्यावर पोटखराबा 'अ', म्हणजे लागवडीला अयोग्य अशी नोंद, लागला असेल तर पीक उभं असतानाच तलाठ्याकडे अर्ज द्या. गायरान (गावाची चराईची जमीन) असेल तर हातच लावू नका.

घरातलं मोठं माणूस "एकदाच सपाट करून टाकू" म्हणत असेल, तर पहारीने चार ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतो ते त्यांना दाखवा. आमच्याकडे मी खड्डे घेतले होते. बघायला कुणी आलं नाही.