शपथपत्रातला रिकामा रकाना

प्रिय मैत्रिणीस,

'आमदारांची संपत्ती पाच वर्षांत तिप्पट' असा मथळा पाठवून तू विचारलंस, बातमी कशी झालीय. मथळा झालाय. बातमी अजून व्हायचीय.

रागावू नकोस. ही चूक मीही केलीय, आणि तीही छापून. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लोकप्रतिनिधीनं दोन निवडणुकांच्या अर्जांसोबत दिलेली मालमत्तेची शपथपत्रं शेजारी ठेवून मी बेरजा ताडून पाहिल्या. वाढ दहापट निघाली आणि घाईघाईनं बातमी लावली. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ स्वतः कचेरीत आले. आरडाओरडा नाही, काही नाही. शेतजमिनीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, 'हे वाचलंत?' तिथे 'वारसाहक्काने' असं स्वच्छ लिहिलं होतं. मधल्या काळात त्यांचे वडील गेले होते. चार ओळींचा खुलासा छापावा लागला. तेव्हापासून मी बेरीज सगळ्यात शेवटी वाचतो.

शपथपत्राचा हा कागद आपल्याला कुणी प्रेमानं दिलेला नाही, हे मात्र ध्यानात असू दे. निवडणूक सुधारणांसाठी झटणाऱ्या 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' या संस्थेच्या खटल्यात 2 मे 2002 ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष तेव्हा चटकन एकत्र आले. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 33ब घालण्यात आलं. न्यायालय काहीही म्हणो, कायद्यात सांगितलंय त्यापलीकडे उमेदवारानं काही सांगायची गरज नाही, असा त्याचा अर्थ. 13 मार्च 2003 ला न्यायालयानं ते कलमच रद्द केलं, म्हणून आज 'नमुना 26', म्हणजे उमेदवाराचं हे शपथपत्र, तुझ्या हातात आहे.

आता तो वाचायचा कसा. उमेदवार, जोडीदार, अविभक्त हिंदू कुटुंब आणि अवलंबित असे रकाने शेजारी शेजारी असतात. नवखा वाचक पहिला रकाना वाचतो. तू अवलंबितांपासून सुरुवात कर. गेल्या वेळी त्या रकान्यात असलेला मुलगा या वेळी नसेल, तर तो सज्ञान होऊन कमावता झाला असेल. त्यात गैर काही नाही. पण त्याच्याबरोबर त्याच्या नावावरचे जमिनीचे गटही कागदावरून नाहीसे होतात. सज्ञान, कमावती मुलं, सून, भाऊ, मेहुणा यांच्याबद्दल हा नमुना काही विचारत नाही. म्हणून जुन्या शपथपत्रातला प्रत्येक गट नंबर वहीत उतरव आणि तो नव्यात कुठे आहे ते शोध. सापडला नाही तर सातबारा काढ, फेरफार बघ. विकला असेल तर पैसे कुठल्या तरी रकान्यात दिसायला हवेत: ठेवीत, दुसऱ्या जमिनीत, नाहीतर फिटलेल्या कर्जात. कुठेच दिसत नसतील, तर तिथे तुझा पहिला प्रश्न तयार झाला.

जमिनीच्या रकान्यात खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजचा अंदाजे बाजारभाव वेगवेगळे लिहावे लागतात. तुझ्या बातमीतली 'तिप्पट' वाढ त्या शेवटच्या आकड्यातून आली आहे का, हे तू पाहिलंच नाहीस. रस्ता गेला, भाव चढला, एवढ्यानं कुणी चोर ठरत नाही. रस्ता जाहीर होण्याआधी सहा महिने जमीन घेतली असेल, तर मात्र खरेदीच्या तारखेखाली लाल रेघ मार.

उत्पन्नाचा स्रोत सांगणंही आता बंधनकारक आहे, सरकारी कंत्राटांचा तपशीलही द्यावा लागतो. 2019 पासून पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतलं उत्पन्न द्यावं लागतं. बहुतेक जण स्रोतापुढे 'शेती व व्यवसाय' लिहून मोकळे होतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे हा शब्द फार सोयीचा आहे. पाच वर्षांचं उत्पन्न एकीकडे मांड, त्याच काळात झालेली खरेदी दुसरीकडे. बाजारभाव नाही, प्रत्यक्ष मोजलेले पैसे. त्यातून नवी कर्जं वजा कर. उरलेली तफावत ही तुझी बातमी, आणि ती छापण्याआधी त्यांना लेखी विचारायचं. फोनवर नाही.

काय लपवलं तर खरंच अंगाशी येतं, ते समजण्यासाठी आपल्याच राज्यातला निकाल वाच: किसन शंकर कथोरे विरुद्ध अरुण दत्तात्रय सावंत. निवडणूक 2004 ची, मतदारसंघ अंबरनाथ. विजेची थकबाकी, पत्नीच्या नावावरचा बंगला, पत्नीची गाडी आणि भागीदारी संस्थेची मालमत्ता निवडून आलेल्या कथोरेंच्या शपथपत्रात नव्हती. उच्च न्यायालयानं निवड रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयानं मे 2014 मध्ये ते कायम केलं. वीजबिलाच्या वादाला न्यायालयानं फारसं वजन दिलं नाही, बंगला भोवला. आता तारखा पुन्हा बघ. ज्या विधानसभेतली निवड रद्द झाली, तिची मुदत 2009 मध्येच संपली होती!

याची दुसरी बाजू 2024 च्या कारिखो क्री निकालात आहे. अरुणाचलमधल्या एका आमदाराचं प्रकरण. उमेदवारानं प्रत्येक बारीकसारीक चीज सांगायची गरज नाही, त्यालाही खासगी आयुष्य आहे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. साधं घड्याळ सोडलं तर चालेल, महागड्या घड्याळांचा संग्रह सोडून चालणार नाही. मला हा निकाल पटतो. पत्नीच्या मंगळसूत्राचं वजन पहिल्या पानावर छापण्यात काय पत्रकारिता आहे?

तू विचारशील, हे सगळं तपासायची जबाबदारी कुणाची? निवडणूक निर्णय अधिकारी रकाना रिकामा आहे का ते बघतो, आणि सांगूनही भरला नाही तर अर्ज फेटाळू शकतो. भरलेलं खरं आहे का, हे तो तपासत बसत नाही. खोट्या शपथपत्राला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद. एरवी अपात्र व्हायला किमान दोन वर्षांची शिक्षा लागते. हिशेब तूच कर. निवडीला न्यायालयात आव्हान द्यायला, म्हणजे निवडणूक याचिकेला, निकालापासून 45 दिवस मिळतात. तोवर हार-तुरेसुद्धा संपलेले नसतात. निवडून आल्यावर खासदारांना शपथेनंतर 90 दिवसांत सभागृहाच्या प्रमुखाकडे मालमत्ता जाहीर करावी लागते. ते कलम 75अ आमदारांना लागू नाही, म्हणून तुझ्या कामाचा आधार शपथपत्रच.

सभागृहांच्या नीतिमत्ता समित्यांवर फार विसंबू नकोस, त्यांची टिंगलही करू नकोस. राज्यसभेची समिती 1997 मध्ये झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष आपले शंकरराव चव्हाण. सदस्यानं आपले आर्थिक हितसंबंध नोंदवायची वहीही तिथे आहे: पगारी संचालकपद, सल्लागारी, कंपनीवर ताबा राहील इतके शेअर. सदस्यांनीच सदस्याचा न्याय करायचा, ही पद्धत त्याहूनही जुनी. 1951 मध्ये मुंबईच्या सराफ बाजारातल्या संघटनेकडून पैसे घेतल्याबद्दल काँग्रेसचे संसद सदस्य एच. जी. मुद्गल यांची चौकशी झाली. चौकशीचा ठराव खुद्द नेहरूंनी, म्हणजे त्यांच्याच पक्षाच्या पंतप्रधानांनी मांडला होता. 2005 मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेताना अकरा खासदार छुप्या कॅमेऱ्यात दिसले. चित्रफीत 12 डिसेंबरला दाखवली गेली, 23 ला अकराही जण बाहेर. पुरावा पत्रकारांनी आणला होता, हे विसरू नकोस. आणि हेही: केवळ बातमीच्या कात्रणावर आधारलेली तक्रार लोकसभेची समिती घेत नाही. पुरावा जोडावा लागतो, सामान्य माणसाला ती खासदारामार्फत द्यावी लागते. म्हणजे तुझ्या बातमीत गट नंबर, दस्त क्रमांक, तारीख नसेल, तर ती तिथे रद्दीच.

तुझ्या आमदारांची दोन्ही शपथपत्रं मी काल रात्री वाचली. संपत्तीच्या वाढीत मला विशेष काही दिसलं नाही. पण जुन्यातल्या पान नऊवर एक भागीदारी संस्था आहे, नव्यात ती नाही, आणि कंत्राटांच्या रकान्यात 'निरंक'. संस्थेतून ते कधी बाहेर पडले, तो कागद आधी मिळव. कदाचित रीतसर बाहेर पडलेही असतील. रविवारी ये, येताना दोन्ही प्रती मोठ्या अक्षरात छापून आण.

तुझा,
जुना सहकारी