वाचकांचे प्रश्न : वेग वाढला की गाडी का थरथरते?

प्रश्न : माझी मोटार १४ वर्षांची असून १,६०,००० किलोमीटर चालली आहे. ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास स्टीअरिंग थरथरू लागते, ९५ ला थरथर सर्वाधिक असते आणि १०५ च्या पुढे ती बरीच कमी होते. कमी वेगात काहीही जाणवत नाही. गेल्या चार महिन्यांत दोनदा अलाइनमेंट करून घेतले, पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलले, तरीही फरक पडला नाही. आता स्टीअरिंग रॅक बदलावा असे मेकॅनिक सुचवत आहेत. काय करावे?

उत्तर : रॅक, म्हणजे स्टीअरिंगचे वळणे चाकांपर्यंत पोचवणारी दातेरी दांड्याची जोडणी, तूर्त बदलू नका. निदानाला सर्वाधिक उपयोगी पडणारी गोष्ट आपण पत्रात स्वतःच लिहिली आहे, ती म्हणजे थरथर एका ठरावीक वेगाला सुरू होते आणि पुढे ओसरते. रॅक झिजला तर स्टीअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो, खड्ड्यातून जाताना खटखट ऐकू येते. परंतु रॅक स्वतः थरथर निर्माण करीत नाही. तिच्या मुळाशी गोल फिरणारा आणि समतोल बिघडलेला एखादा भाग असावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा चाक किंवा टायर असतो.

थोडा हिशोब करून पाहू. टायरचा व्यास ६० सेंटीमीटर धरला तर त्याचा परीघ सुमारे १.९ मीटर होतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. म्हणजेच चाक सेकंदाला साधारण १३ फेरे घेते. रिमच्या कडेला, मध्यापासून १८ सेंटीमीटरवर, एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला पावणेचार किलोच्या जोराने बाहेर ओढते, आणि ही ओढ सेकंदाला १३ वेळा दिशा बदलत राहते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ४५ च्या वेगाला तो जेमतेम किलोभर असतो, म्हणूनच हळू चालवताना आपल्याला काही जाणवत नाही. टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये तरंगणाऱ्या चाक, हब (ज्यावर चाक नटांनी आवळतात तो मधला भाग) आणि ब्रेक या जोडणीची हेलकावण्याची स्वतःची लय बहुतेक मोटारींत सेकंदाला १० ते १५ इतकी असते. चाकाचे फेरे या लयीशी जुळले की, झोपाळ्याला नेमक्या क्षणी हलकेच ढकलावे तसे होते आणि छोटा असमतोलही मोठी थरथर उठवतो. वेग त्या लयीपुढे गेला की ती उतरते. आपल्या गाडीत नेमके हेच घडत आहे.

अलाइनमेंटविषयीचा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर स्पष्ट लिहिणे मला गरजेचे वाटते. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात; परंतु थरथर त्यामुळे येत नाही, आणि अलाइनमेंट केल्याने ती जातही नाही. आपल्याला हवे आहे ते बॅलन्सिंग, म्हणजे चाक मशीनवर फिरवून, हलक्या बाजूला रिमवर छोटी वजने लावून त्याचा समतोल साधणे. बरेच दिवस कोन चुकीचे राहून टायर वेडावाकडा झिजला, तर मग तो झिजलेला टायर थरथर आणतो, एवढाच या दोहोंचा दूरचा संबंध आहे.

तपासणी टायरपासून सुरू करावी. गाडी सपाट जागी जॅकवर घेऊन, स्टँड लावून, चाक हाताने सावकाश फिरवावे आणि तळहात टायरच्या पृष्ठभागावरून संपूर्ण फेरा फिरवावा. हाताखाली उंचवटा लागला किंवा नक्षी एका जागी वाकडी जाताना दिसली, तर आतले पोलादी तारांचे थर सुटू लागले आहेत असे समजावे. अशा टायरचे बॅलन्सिंग करण्यात अर्थ नाही; तो महामार्गावर फुटू शकतो, म्हणून बदलेपर्यंत गाडी वेगाने चालवूच नये. टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंकही वाचावेत : २३१७ असे असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. कमी चाललेल्या जुन्या गाडीच्या टायरची नक्षी पुष्कळ शिल्लक दिसते, पण रबर मात्र वयाने ताठरलेले असते. गाडी महिनोन्महिने एकाच जागी उभी राहिली असेल तर टायरला चपटा भागही पडतो.

त्यानंतर चाक काढून रिमची आतली बाजू पाहावी. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या एका मोटारीच्या पुढच्या चाकात मला रिमच्या आतल्या कडेला दोन बोटे जाडीचा वाळलेला चिखल चिकटलेला आढळला होता. स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तेव्हा ओंजळभर निघाला, आणि त्या मालकांनी चार वेळा बॅलन्सिंग करूनही न गेलेली थरथर त्याच दिवशी गेली. चिखल तसाच ठेवून मशीनवर वजने लावली की त्या दिवसापुरते सगळे जुळते, आणि एक तुकडा गळून पडला की हिशोब पुन्हा चुकतो. म्हणून चाक धुऊन, जुनी वजने काढून मगच मशीनवर चढवावे. वजने लावून झाल्यावर चाक मशीनवरून उतरवून थोडे फिरवून पुन्हा बसवायला सांगावे. आकडे पुन्हा शून्याच्या जवळ आले नाहीत, तर चाक मशीनच्या मध्यावर नीट बसलेले नव्हते असे समजावे. हा आग्रह धरायला संकोच करू नये. मशीनवर फिरताना रिमची कड वरखाली किंवा आतबाहेर डुलताना दिसली, तर रिम वाकलेली आहे.

गाडीला मूळचे सोडून दुसरे अलॉय व्हील बसवले असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. चाकाच्या मधले भोक हबच्या उंचवट्यावर घट्ट बसायला हवे; भोक मोठे असेल तर मधली रिंग लागते, नाहीतर उत्तम बॅलन्स केलेले चाकही गाडीवर किंचित बाजूला बसते. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढावा, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, शेवटचा ताण टॉर्क पान्ह्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्ह्याने) द्यावा आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा तपासावेत.

एवढे करूनही शंका उरली तर पुढची चाके मागे आणि मागची पुढे घालावीत. थरथर स्टीअरिंगमधून नाहीशी होऊन आसनाखाली जाणवू लागली, तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे हे नक्की झाले. ती स्टीअरिंगमध्येच राहिली, तरच पुढचे सांधे तपासावेत : जॅकवर घेतलेले चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवल्यावर टाय रॉडचा (रॅकपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा) ढिलेपणा कळतो, १२ आणि ६ च्या जागी धरल्यावर बॉल जॉइंट (चाकाची जोडणी ज्यावर वळते तो गोल सांधा) किंवा चाकाच्या बेअरिंगचा. कंट्रोल आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश चिरलेले असतील तर नव्या गाडीत कळलीही नसती इतकी लहान थरथर जुन्या गाडीत थेट हातापर्यंत येते. झिजलेले सांधे बदलावेतच, पण थरथरीचे मूळ आधी काढावे.

प्रश्न : माझ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की ७० च्या पुढे सगळी गाडी थरथरते, आणि पाय उचलताच थरथर थांबते. बॅलन्सिंग दोनदा केले. हा चाकांचाच दोष असेल का?

उत्तर : नसावा. चाकांचा असमतोल आपण ॲक्सिलरेटर दाबला आहे की सोडला आहे हे पाहत नाही. तो दोन्ही वेळी सारखाच जाणवतो. जोर पडल्यावरच येणारी थरथर बहुधा ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या) आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या, सांध्यातून येते. त्यातले रोलर ज्या खाचांतून सरकतात त्या खाचा झिजल्या की जोर पडताच सांधा अडखळतो. सांध्यावरचे रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस बाहेर उडाले आहे का ते आधी पाहावे. बाहेरचा सांधा झिजला तर लक्षण वेगळे असते, स्टीअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट आवाज येतो. इंजिन ज्यावर टेकलेले असते ते रबरी माउंटिंग दबून खाली बसले असेल तर शाफ्टचा कोन बदलतो, म्हणून तेही त्याच वेळी तपासून घ्यावे.

प्रश्न : महामार्गावरून बाहेर पडताना ब्रेक लावला की स्टीअरिंग जोरात हलते. डिस्क दोनदा घासून घेतल्या, दर वेळी काही महिने ठीक चालते आणि मग पुन्हा तेच. डिस्क सारख्या वाकतात का?

उत्तर : डिस्क वाकत नाहीत, त्यांची जाडी असमान होते. जाडीत मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांइतका फरक पडला तरी वेगात ब्रेक लावताना तो हाताला जाणवतो. डिस्क घासून घेतली पण हबच्या तोंडावरचा गंज साफ केला नाही, तर ती पुन्हा किंचित तिरकी बसते. ब्रेक लावलेला नसतानाही दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी चाटत राहते आणि काही हजार किलोमीटरांत तिथेच पातळ होते. आपल्याला मिळणारे ते काही महिने म्हणजे हाच काळ. म्हणून या खेपेला हब स्वच्छ करून, डिस्क बसवल्यावर डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या उपकरणाने) तिचे डुलणे मोजायला सांगावे आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना मोकळ्या सरकतात का हेही पाहून घ्यावे. दोनदा घासलेली डिस्क तिसऱ्यांदा घासण्यापूर्वी तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचावी. उरलेली जाडी त्याहून कमी असेल किंवा घासल्यावर त्याखाली जाणार असेल, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकाच वेळी बदलावेत.