वाचनालयाची वर्गणी

प्रश्न : पुण्यात वाचनालयाला अनामत आणि दरमहा वर्गणी भरावी लागते. परदेशात सारे मोफत असते का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : सर्वत्र नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६४ च्या कायद्यानुसार स्थानिक रहिवाशांना पुस्तके विनामूल्य घरी नेता येतात. मात्र मुदत उलटल्यास दंड आकारता येतो. नेदरलँड्समध्ये मुलांना सभासदत्व मोफत असते, तर प्रौढ वार्षिक वर्गणी भरतात. मोफत म्हणजे बिनखर्चाचे नव्हे; तो भार करातून उचलला जातो. तमिळनाडूत मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात तशी तरतूद नाही. म्हणून १८४८ मध्ये स्थापन झालेल्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या संस्था अनुदान, देणग्या आणि आपल्या हातातल्या त्या वर्गणीच्या पावतीवर चालतात. मुलांची वर्गणी तरी माफ व्हावी, असे मला मनापासून वाटते.