बेट की विहीर?

प्रश्न : बाई, नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मुलगी 9 वर्षांची, वजन फक्त 18 किलो. दोन वर्षं लोहाचं औषध चालू आहे, पण हिमोग्लोबिन 8 च्या वर सरकत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात. मिरजेत दुर्बिणीने तपासून आतड्याचे तुकडे काढले. रिपोर्टात लिहिलंय, 'व्हिलाय आखूड व बोथट, क्रिप्ट लांबलेल्या, लिम्फोसाइट वाढलेल्या'. रक्ताची तपासणीही जुळली. डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केलाय. चुलतभाऊ म्हणतो, आतडं झिजलं की झिजलंच. आई म्हणते, साधा गहू नको तर खपली द्या. नक्की झालंय काय?
— एक बागायतदार

उत्तर : तुमच्या चुलतभावाला सांगा, झिजणं हे आतड्याचं रोजचंच काम आहे. तुमचं झिजतं, माझंही झिजतं. प्रश्न झिजण्याचा नाही, भरून येण्याचा आहे.

लहान आतड्याच्या आतल्या अंगाला बोटांसारखे उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. उंची अर्धा ते एक मिलिमीटर. (वजडीवर टॉवेलासारखे जे टपोरे दाणे दिसतात ते हे नव्हेत. तो बोकडाच्या पोटाचा भाग, आतड्याचा नाही. मिरजेत शिकवत असताना मी मटणवाल्याकडून आतडं आणून उभं चिरायची, धुऊन पाण्याच्या बशीत ठेवायची आणि पोरांच्या हातात भिंग द्यायची. मखमलीवरून हात फिरवल्यावर लव हलते, तसं दिसतं. सूक्ष्मदर्शकाआधी हे बघितलेला विद्यार्थी व्हिलाय कधी विसरत नाही.) प्रत्येक बोटाच्या आत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि मधोमध चरबी उचलणारी एक नळी. बोटाच्या बाहेरून पेशींचा एकच थर. तुम्ही खाल्लेलं सगळं या एका थरातून आत जातं.

या बोटांच्या पायथ्याशी खोल खड्डे असतात, त्या क्रिप्ट. खड्ड्याच्या तळाजवळ मूळ पेशी असतात आणि त्या सतत नव्या पेशी तयार करतात. सज्जनगडाच्या पायऱ्यांवर मागच्यांनी रेटा द्यावा आणि पुढच्यांनी वर सरकावं, तशा या पेशी बोटावर चढत जातात. तीन ते पाच दिवसांत शेंड्याला पोचतात आणि गळून पडतात. म्हणजे गेल्या रविवारी तुमच्या आतड्यावर जो थर होता, त्यातलं आज जवळजवळ काही उरलेलं नाही.

आता रिपोर्ट परत वाचा. या आजाराचं नाव सीलिअॅक. गव्हातल्या ग्लुटेनवर मुलीच्या शरीराची संरक्षक यंत्रणा उठली आहे, म्हणून तिच्या पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट, वाढलेल्या. शेंड्याकडच्या पेशी वेळेआधीच मरतात, म्हणून बोटं आखूड. आणि क्रिप्ट लांबल्या, कारण खालचा कारखाना जादा पाळीत चालतोय. त्या ओळीत मला नुकसानीपेक्षा आतड्याची धडपड जास्त दिसते. लोहाचं म्हणाल तर ते मुख्यतः जठराला लागूनच्या पहिल्या वीतभर भागात शोषलं जातं, आणि या आजारात सगळ्यात जास्त मार बसतो तोही तिथेच. औषध पोटात जात होतं, उचलायला बोटं नव्हती.

तुकडा मेणात बसवताना तिरका बसला तर धडधाकट बोटंही आखूड दिसू शकतात. म्हणून एकाच्या जागी चार-पाच तुकडे घेतात आणि रक्ततपासणीशी ताडून बघतात. तुमच्याकडे दोन्ही जुळलंय, तेव्हा त्याची काळजी नको. एक मात्र इतर वाचकांसाठी लिहिते: शंका आली म्हणून तपासणीआधीच गहू सोडू नका. आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट चकवतो.

पेशी चार दिवसांत नव्या होतात, मग आतडं चार दिवसांत का बरं होत नाही? कारण आतली आग विझायला वेळ लागतो. लहान मुलांत सहसा काही महिने, मोठ्यांत कधी कधी वर्षंही. तेवढ्यात एखादी चपाती 'चालतंय की' म्हणून दिली, तर आग पुन्हा पेटते.

खपली चालणार नाही. आपल्याकडची जुनी, चवीची जात आहे, मलाही तिची खीर आवडते, पण तो गहूच. त्यात ग्लुटेन आहे. रवा, मैदा, शेवया, कुरडया, सगळं बंद. जव म्हणजे सातूही बंद. डबीतल्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, मागचं बारीक अक्षर वाचा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका बिनघोर द्या. तासगावात भाकरीची अडचण नाही, अडचण गिरणीची आहे. आधीच्या माणसाचा गहू दळून झाल्यावर त्याच जात्यात तुमची ज्वारी पडली की पहिले दोन किलो गव्हाचेच समजा. जमलं तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू घालायचाच नाही असं आईंना सांगून ठेवा. त्या ऐकणार नाहीत, म्हणून गव्हाचा डबाच दुसऱ्या खोलीत हलवा.

प्रश्न : मॅडम, मी कराडला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. लहान आणि मोठ्या आतड्याच्या स्लाइडमध्ये तोंडी परीक्षेला गडबड होते. सोपी खूण सांगाल का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : माझीही झाली होती. परीक्षेत सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर बोटं कुठेच नाहीत, नुसती गोल गोल वर्तुळं. ठोकून दिलं, 'मोठं आतडं.' परीक्षक म्हणाले, 'परत बघ.' परत बघितलं आणि तेच उत्तर जास्त मोठ्याने दिलं. ते लहान आतडं होतं. बोटं आडवी कापली गेली होती.

गाजर उभं चिरलं तर फोड, आडवं चिरलं तर चकती. तेव्हा वर्तुळ दिसलं की एवढंच विचारा: हे बेट आहे की विहीर? 2019 च्या पुरात गच्चीवरून सांगली बघितलेल्यांना हे चटकन कळतं. भोवती मोकळी जागा, मध्ये मांसल गाभा आणि पेशींची रांग बाहेरच्या काठाला असेल तर ते बेट, म्हणजे व्हिलाय. भोवती सलग ऊती, मध्ये भोक आणि पेशींची रांग भोकाच्या आतून असेल तर ती विहीर, म्हणजे क्रिप्ट. मोठ्या आतड्यात बेटं नसतातच. तिथे नुसत्या विहिरी, सरळ, परीक्षानळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्यासारख्या.

दुसरी खूण गॉब्लेट पेशींची, म्हणजे बुळबुळीत स्राव करणाऱ्या पेशींची. त्या रिकाम्या बुडबुड्यासारख्या दिसतात, कारण त्यांच्यातला स्राव इओसिन, म्हणजे स्लाइडचा नेहमीचा गुलाबी रंग, घेत नाही. त्याच कापाला पीएएस रंग दिला की त्या गर्द गुलाबी होतात. जठराकडून गुदाशयाकडे जाताना त्या वाढत जातात. लहान आतड्यात रोज सुमारे 9 लिटर द्रव येतो, त्यातले दोनेकच लिटर आपण प्यालेले, बाकीचे शरीराचेच पाचक रस. मोठ्या आतड्यापर्यंत लिटर-दीड लिटर पोचतो आणि तिथे तोही आटत जातो. माल घट्ट होत गेला की वंगण जास्त लागणारच.

लहान आतड्याचा कोणता भाग, असं विचारलंच तर म्यूकोसाच्या, म्हणजे सगळ्यात आतल्या थराच्या, खाली बघा. त्या खालच्या थरात, सबम्यूकोसात, फिकट ग्रंथींचे घोस, म्हणजे ब्रूनरच्या ग्रंथी, तर ड्युओडेनम, जठराला लागूनचा पहिला भाग. लिम्फोसाइटचे गर्द जांभळे ढीग, म्हणजे पायरचे पुंजके, तर इलियम, शेवटचा भाग. टायफॉइडचे व्रण होतात ते याच पुंजक्यांवर. दोन्ही नसेल तर मधला भाग, जेजुनम म्हणा. क्रिप्टच्या तळाशी असणाऱ्या पॅनेथ पेशींचे लालबुंद कण दिसले म्हणून लगेच 'लहान आतडं' म्हणू नका, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातही त्या सापडतात.

आतड्याचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं, हे वाक्यही जपून वापरा. 2014 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्याने मोजमाप केलं, तर संपूर्ण पचनमार्गाचं मिळून 32 चौरस मीटरच्या आसपास निघालं. अर्धं बॅडमिंटन कोर्ट. तुमच्या परीक्षकांना टेनिसच आवडत असेल, तर वाद घालू नका.

आणि स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली सरकवण्याआधी खिडकीच्या उजेडाला धरून नुसत्या डोळ्यांनी बघा. कडेचे पिसाऱ्यासारखे धागे, म्हणजे व्हिलाय, तिथेच दिसतात. त्याला दहा सेकंद लागतात आणि परीक्षक तेवढे देतात.