शेतीशंका : पावसाचा खंड, एकदम पडलेला पाऊस आणि भेगाळलेली जमीन

प्रश्न : कोरडवाहू बीटी कपाशी 80 दिवसांची आहे, बोंडे भरपूर लागली आहेत. तीन आठवडे पावसाने दडी मारली आणि मग एका रात्रीत धो-धो कोसळला. दुसऱ्या दिवशी ऊन पडले आणि दुपारपर्यंत काही झाडांनी माना टाकल्या. मर रोग समजून बुरशीनाशक फवारावे का?
– एक वाचक, गेवराई (जि. बीड)

उत्तर : लगेच फवारू नका. आधी एक सुकलेले झाड उपटा आणि खोड बुडापासून उभे चिरा. आतला भाग तपकिरी दिसला तर तो बुरशीजन्य मर. आत पांढरे स्वच्छ असेल, मुळेही कुजलेली नसतील, तर ही ‘आकस्मिक मर’. तुम्ही सांगितलेल्या क्रमावरून हीच शक्यता जास्त वाटते. यात रोगजंतू नसतो, त्यामुळे बुरशीनाशक फवारून पैसे वाया जातात.

घडते ते असे. खंडात झाड कसेबसे तग धरून असते. एकदम पाऊस झाला की भारी जमिनीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवा बाहेर पडते आणि मुळांचा श्वास कोंडतो. वर लख्ख ऊन पडून पाने पाणी मागतात, पण चारी बाजूंनी पाणी असूनही मुळे ते ओढू शकत नाहीत. बोंडांचे ओझे जास्त असलेली झाडे आधी बळी पडतात, म्हणून वावरात नेमकी चांगली झाडेच सुकलेली दिसतात.

आजच्या आज चर काढून साचलेले पाणी बाहेर काढा. मान टाकल्यापासून 24 तासांच्या आत कोबाल्ट क्लोराईड 1 ग्रॅम 100 लिटर पाण्यात मिसळून सुकणाऱ्या झाडांवर फवारा. पाने वाळून गेल्यावर त्याचा उपयोग नाही. सोबत 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी 100 मिली आळवणी करा आणि बुडाची माती पायाने दाबा. (यातले कॉपर दुबळ्या झालेल्या मुळांना बुरशीपासून जपण्यासाठी आहे.) 4 बाय दीड फुटांवर एकरी 7,260 झाडे बसतात, सगळ्यांना आळवणी करायची तर सव्वासातशे लिटर द्रावण लागेल. म्हणून सुकलेली झाडे आणि त्यांच्या लगतची एवढीच घ्या. वाफसा (काम करण्याजोगी ओल) येताच कोळपणी करा, म्हणजे ओळींमधली माती हलवा, त्याने जमिनीत हवा खेळेल.

पुढच्या वर्षी पीक 30-40 दिवसांचे असताना डवऱ्याच्या (कोळप्याच्या) जानोळ्याला दोरी गुंडाळून ओळींमधून सऱ्या पाडा. खंडात त्या पाणी धरतात आणि जादा पावसात बाहेर काढतात. एवढ्या कमी खर्चात दोन्ही संकटांना उपयोगी पडणारे दुसरे काम आम्हाला माहीत नाही.

प्रश्न : भगवा वाणाच्या डाळिंबाचा आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला) धरला आहे. एप्रिलपासून फळांवर काळपट चट्टे येतात आणि वळीव पडला की फळे तडकतात. बोरॉन फवारूनही फरक नाही.
– एक वाचक, सांगोला (जि. सोलापूर)

उत्तर : चट्टा फळाच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहा. नैर्ऋत्येकडे, म्हणजे दुपारचे ऊन झेलणाऱ्या बाजूला असेल तर ते उन्हाने भाजणे आहे. चट्टे सगळीकडे विखुरलेले, तेलकट आणि मध्ये तडकलेले असतील तर तेल्या (जिवाणूजन्य करपा) तपासा. त्याचा इलाज वेगळा. भाजण्यावर केओलीन (पांढऱ्या मातीची पूड, फळावर थर धरते) 50 ग्रॅम प्रति लिटर फवारा, पुढे 15 दिवसांच्या अंतराने 25 ग्रॅम प्रति लिटर. द्रावण फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर नोझल तुंबतो. पाऊस थर धुऊन नेतो, तेव्हा पुन्हा फवारावे लागते. नैर्ऋत्येकडच्या फांद्या छाटून फळे उघडी पाडू नका.

तडकण्याचे मूळ पाण्याच्या चढउतारात आहे. उन्हात साल कडक होते, तिची ताणण्याची ताकद जाते. मग पाणी मिळाले की दाणे भराभर फुगतात आणि साल फाटते. बोरिक ॲसिड 2 ग्रॅम प्रति लिटर फवारणे योग्यच आहे, पण पाण्याची पाळी चुकत असेल तर एकटे बोरॉन काही करू शकत नाही. झाडाला 4 लिटरचे चार ड्रिपर असतील तर तासाला 16 लिटर पाणी पडते. तिसऱ्या दिवशी एकदम तीन तास सोडण्यापेक्षा रोज एक तास सोडा. ड्रिपर खोडाशी नकोत, घेराच्या कडेला हवेत. आळ्यात उसाच्या पाचटाचा 8-10 सेंटिमीटर थर द्या. आणि वळीव पडला म्हणून ठिबक चार दिवस बंद ठेवू नका! 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला फक्त 10 लिटर. मे महिन्यात तो दोन दिवसांत उडून जातो.

प्रश्न : मालदांडी ज्वारीत डिसेंबरातच हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाटाने पाणी द्यावे का?
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : आधी कोळपा, मग पाणी. भेग म्हणजे जमिनीचे खोलवर उघडे पडलेले तोंड. तिच्या दोन्ही भिंतींतून ओल उडते आणि सोडलेले पाणीही तिथूनच खाली निघून जाते. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने कोळपणी करा. दातेरी कोळप्याने माती भुसभुशीत होऊन भेगांत पडते. पाणी थोडे असेल तर एकाआड एक सरीने द्या. दाणे भरताना ओल संपली की खडखड्या हा बुरशीजन्य रोग येतो : बुडाचे पेर चिरले तर आत काळी पूड आणि सुटे धागे दिसतात, ताट आडवे होते. त्या टप्प्यावर औषध उरत नाही, म्हणून आठव्या आठवड्याची कोळपणी चुकवू नका.